शिकागोच्या बागेत संध्याकाळी सहानंतर

'दिवेलागणीच्या आत घरी ये' हे वाक्य ऐकल्याशिवाय मराठी घरात फारसे कुणाचे बालपण सरत नाही. हा नियम घरचा असतो. तो मोडला तर आईची बोलणी आणि वडिलांचा अबोला, एवढीच शिक्षा असते. आणि उशीर का झाला याचे कारण पटले, तर तीही माफ होते. हाच नियम उद्या शहराने केला आणि उशिराचे कारण विचारण्याचे काम आईकडून पोलिसाकडे गेले, तर? अमेरिकेतील शेकडो शहरांनी हा प्रयोग केला आहे. त्यांपैकी शिकागोची कहाणी विशेष लक्ष देण्याजोगी आहे. तेथे उद्यानांसाठी एक वेळ ठरलेली आहे, अल्पवयीनांसाठी दुसरी, आणि शहरातील सर्वांत प्रसिद्ध बागेत अल्पवयीनांसाठी तिसरी.

संचारबंदी : त्यांची आणि आपली

'कर्फ्यू' हा शब्द मूळ जुन्या फ्रेंच भाषेतला. त्याचा अर्थ 'विस्तव झाका' असा. मध्ययुगीन युरोपात रात्री ठरावीक वेळी घंटा वाजे आणि लोक चुली झाकून, दिवे मालवून घरात थांबत. आपल्याकडे या शब्दाबरोबर आठवतात ती दंगलीतील ओस पडलेली रस्त्यांची दृश्ये, किंवा करोनाच्या साथीत डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रातील महापालिका क्षेत्रांत लागू झालेली रात्री अकरा ते सकाळी सहापर्यंतची संचारबंदी. आपली जमावबंदी असो वा संचारबंदी, ती प्रसंगापुरती असते आणि प्रसंग सरला की उठते.

अमेरिकेतील अल्पवयीनांची संचारबंदी मात्र कायमची असते. तिला दंगल लागत नाही, साथही लागत नाही. ठरावीक वयाखालील मुलाने ठरावीक वेळेनंतर सार्वजनिक जागी एकटे दिसता कामा नये, एवढेच तिचे म्हणणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, औद्योगिक शहरांत स्थलांतरितांची मुले रस्त्यावर दिसू लागली तेव्हा हे कायदे वाढले. नेब्रास्कातील ओमाहा शहराने १८८० मध्ये केलेला कायदा पहिला मानला जातो. पुढे १९९० च्या दशकात बंदुकीच्या गुन्ह्यांनी शहरे हादरली, तेव्हा या कायद्यांची दुसरी मोठी लाट आली.

सदैव खुली राहील अशी जमीन

शिकागोच्या मध्यभागी, मिशिगन सरोवराच्या काठाने ग्रँट पार्क पसरले आहे. १८३६ साली येथील भूखंडांचा नकाशा तयार झाला. सरोवरालगतची ही पट्टी सार्वजनिक असून ती सदैव खुली, मोकळी आणि बांधकामाच्या अडथळ्यांपासून मुक्त राहील, असा शेरा त्या नकाशावर मारण्यात आला. माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने याच शेऱ्याच्या आधारे १८९० पासून सुमारे दोन दशके न्यायालयीन लढा दिला आणि ही जागा इमारतींपासून वाचवली. शहराला आपल्या या वारशाचा मोठा अभिमान आहे.

याच ग्रँट पार्कच्या वायव्य कोपऱ्यात, रेल्वेरूळ आणि वाहनतळ यांच्या डोक्यावर, २४.५ एकरांचे मिलेनियम पार्क उभारण्यात आले. नव्या सहस्रकाच्या स्वागतासाठी योजलेले हे उद्यान चार वर्षे उशिरा, जुलै २००४ मध्ये खुले झाले. त्यातील 'क्लाउड गेट' हे शिल्प मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे. पोलादाच्या १६८ पत्र्यांच्या या आरशासारख्या शिल्पाला शिकागोकर प्रेमाने 'बीन' म्हणजे घेवड्याचा दाणा म्हणतात. येथे तिकीट नाही. लोकलने शहराच्या कोणत्याही टोकावरून यावे, बीनमध्ये आपले वाकडेतिकडे प्रतिबिंब पाहावे, कारंज्यात भिजावे. ज्यांच्या वस्तीत भेटायला धड जागा नाही, अशा दक्षिण आणि पश्चिम भागांतील मुलांना ही बाग जवळची वाटू लागली यात नवल नाही.

मे २०२२

१४ मे २०२२. शनिवारची संध्याकाळ होती. समाजमाध्यमांवरील आवाहनावरून शेकडो मुले मिलेनियम पार्कात आणि आसपास जमली होती. साडेसातच्या सुमारास बीनजवळ वादावादी झाली आणि गोळी झाडली गेली. त्यात १६ वर्षांचा एक मुलगा मरण पावला. ज्याच्यावर आरोप ठेवण्यात आला, तो मुलगाही १७ वर्षांचा होता.

दुसऱ्याच दिवशी तत्कालीन महापौर लोरी लाइटफुट यांनी घोषणा केली : गुरुवार ते रविवार या चार दिवशी संध्याकाळी सहानंतर जबाबदार प्रौढ सोबत असल्याशिवाय १८ वर्षांखालील कुणालाही मिलेनियम पार्कात प्रवेश मिळणार नाही. पाठोपाठ संपूर्ण शहरासाठी शुक्रवार-शनिवारची संचारबंदी रात्री अकराऐवजी दहापासून सुरू करण्याचा आदेश निघाला. २५ मे रोजी सिटी कौन्सिलने ३० विरुद्ध १९ मतांनी त्याला कायद्याचे रूप दिले. त्याच वेळी, तोवर या कायद्यातून सुटलेली १७ वर्षांची मुलेही त्याच्या कक्षेत आली.

या ठिकाणी एक तपशील ध्यानात घ्यावा लागतो. शिकागोत मेच्या मध्यास सूर्य मावळतो तो आठच्या सुमारास. म्हणजे ती गोळी झाडली गेली तेव्हा अद्याप उजेड होता. रात्री दहाची संचारबंदी त्या दिवशी असती, तरी ती त्या मुलाच्या उपयोगी पडली नसती. बागेतला सहाचा नियम मात्र पडला असता, असे त्याचे समर्थक म्हणतात. त्यावर विरोधकांचा प्रश्न असा, की ती मुले मग दोन चौक पलीकडे जमली नसती कशावरून?

कायदा नेमके काय सांगतो

२०२२ च्या दुरुस्तीनंतर शिकागोतील १२ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी संचारबंदी आठवड्याचे सातही दिवस रात्री दहाला सुरू होते आणि सकाळी सहाला संपते. बारा वर्षांखालील मुलांसाठी ती आधीपासूनच अधिक कडक आहे : रविवार ते गुरुवार रात्री साडेआठ आणि शुक्रवार-शनिवार रात्री नऊ. इलिनॉय राज्याचा स्वतंत्र कायदाही आहे. तो १७ वर्षांखालील मुलांना लागू होतो आणि रविवार ते गुरुवार रात्री अकरापर्यंत, तर शुक्रवार-शनिवार मध्यरात्रीपर्यंत मुभा देतो. राज्यापेक्षा शहराचा नियम कडक असण्यास आडकाठी नाही.

अर्थात, अपवाद आहेत. आई-वडील किंवा जबाबदार प्रौढ सोबत असल्यास, पालकांनी काही कामासाठी पाठवले असल्यास, नोकरीवर जाताना वा तेथून परतताना, आणीबाणीच्या प्रसंगी, शाळेच्या किंवा धार्मिक संस्थेच्या देखरेखीखालील कार्यक्रमाहून येताना, स्वतःच्या घरासमोरच्या पदपथावर असताना मुलाला अडवता येत नाही. भाषण, प्रार्थना, सभा या घटनादत्त हक्कांचा वापर हाही अपवादच. दुसरीकडे, केवळ मुलगाच नव्हे, तर त्याला जाणूनबुजून मोकळे सोडणारे पालक आणि आपल्या जागेत थारा देणारा दुकानदारही दोषी ठरू शकतो.

कारवाई करण्यापूर्वी पोलिसाने मुलाला वय आणि तेथे असण्याचे कारण विचारलेच पाहिजे, असे कलम कायद्यात आहे. कागदावर हे कलम साधे दिसते. प्रत्यक्षात साऱ्या कायद्याचा भार या एका प्रश्नोत्तरावर पडतो. प्रश्न कुणाला विचारला जाईल आणि उत्तर कुणाचे खरे मानले जाईल, हे ठरते ते रस्त्यावर, रात्री, काही क्षणांत.

मोठ्यांसाठी अकराचा ठोका

उद्यानांची संचारबंदी केवळ मुलांपुरती नाही. शिकागो पार्क डिस्ट्रिक्टची उद्याने सकाळी सहा ते रात्री अकरा खुली असतात. त्यानंतर परवानगीशिवाय तेथे थांबणारा प्रौढही नियमभंग करतो. 'ऑक्युपाय' आंदोलनाच्या वेळी, ऑक्टोबर २०११ मध्ये, ग्रँट पार्कात रात्री ठाण मांडणाऱ्या सुमारे तीनशे आंदोलकांना याच नियमाखाली अटक झाली. २०१२ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने ९२ जणांवरील आरोप फेटाळले. याच ग्रँट पार्कात ४ नोव्हेंबर २००८ च्या रात्री बराक ओबामा यांची विजयसभा रंगली होती आणि अकरानंतर रेंगाळलेल्या कुणालाही अटक झाली नव्हती, याकडे त्या न्यायाधीशांनी लक्ष वेधले. नियम एकच, पण तो वापरण्याची निवड पोलिसांची, हा त्यांचा मुद्दा वरच्या न्यायालयांनी मान्य केला नाही. अखेर २०१७ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने आंदोलकांचे अपील फेटाळले आणि उद्यानाचा नियम टिकला.

उद्यान रात्री सर्वांसाठी बंद ठेवणे आणि संध्याकाळी फक्त मुलांसाठी बंद करणे, यांत मात्र मूलभूत फरक आहे. पहिला नियम जागेचा आहे, दुसरा माणसाचा.

न्यायालये काय म्हणतात

अल्पवयीनांच्या संचारबंदीवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आजवर थेट निर्णय दिलेला नाही. त्यामुळे खालच्या संघीय न्यायालयांत मतभेद आहेत. डल्लस शहराचा कायदा १९९३ मध्ये वैध ठरला. सॅन डिएगोचा १९४७ सालचा कायदा १९९७ मध्ये घटनाबाह्य ठरला. राजधानी वॉशिंग्टनचा १९९५ चा कायदा १९९९ मध्ये टिकला. समर्थनाच्या बाजूने सामान्यतः तीन कारणे दिली जातात. मुले अधिक असुरक्षित असतात, त्यांची निर्णयक्षमता अपरिपक्व असते आणि पालकांच्या भूमिकेला राज्याने बळ द्यायला हवे. विरोधी बाजू तिसरेच कारण उलटे फिरवते. मुलाने किती वाजता घरी यावे हे ठरवणे जर पालकांचे काम असेल, तर ते शहराने काढून का घ्यावे?

शिकागोसाठी सर्वांत महत्त्वाचा ठरला तो शेजारच्या इंडियानापोलिसचा खटला. शाळेचा फुटबॉल सामना पाहून, पुढे रेस्टॉरंटमध्ये खाऊन रात्री अकराच्या सुमारास बाहेर पडलेल्या मुलांना १९९९ मध्ये पोलिसांनी ताब्यात घेतले. शिकागोत बसणाऱ्या सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २००४ मध्ये इंडियानाचा तो कायदा रद्द ठरवला. अटकेनंतर न्यायालयात जाऊन 'मी प्रार्थनेहून येत होतो' असे सांगण्याची सोय पुरेशी नाही. अटकेच्या भीतीनेच मूल प्रार्थनेला वा सभेला जाणे टाळेल, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पोलिसाने आधी कारण विचारावे, या कलमाचे मोल या निकालाच्या संदर्भात कळते.

उपयोग किती?

हक्कांचा वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी एक व्यावहारिक प्रश्न उरतो. या संचारबंदीने गुन्हे कमी होतात का? 'कॅम्पबेल कोलॅबरेशन' या संस्थेने २०१६ मध्ये बारा अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. संचारबंदीचा मुलांच्या गुन्ह्यांवर किंवा मुलांवर होणाऱ्या गुन्ह्यांवर जाणवण्याजोगा परिणाम दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. जिलियन कार आणि जेनिफर डोलिएक या अर्थतज्ज्ञांनी वॉशिंग्टनमध्ये गोळीबाराचा आवाज टिपणाऱ्या यंत्रांची माहिती तपासली. तेथे संचारबंदी उन्हाळ्यात मध्यरात्री आणि एरवी कामाच्या दिवशी अकराला सुरू होई. ज्या काळात ती अकराला सुरू होई, तेव्हा अकरा ते बारा या तासात गोळीबार कमी होण्याऐवजी वाढलेला आढळला.

हे विपरीत वाटेल. पण त्यामागचे कारण समजण्याजोगे आहे. रस्त्यावर माणसांची वर्दळ असते तेव्हा ती माणसेच पहारेकरी असतात. जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये अमेरिकी शहरांवरील आपल्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला होता. संचारबंदीला घाबरून घरी जातात ती बहुधा नियम पाळणारी मुले. उरतात ती न जुमानणारी. आणि पोलिसही गस्तीऐवजी मुलांची वये विचारण्यात गुंततात. शिवाय अमेरिकेतील मुलांचे हिंसक गुन्हे रात्रीपेक्षा शाळा सुटल्यानंतरच्या तासांत अधिक घडतात, हे जुन्या आकडेवारीतून वारंवार दिसून आले आहे. त्या तासांना संचारबंदी लागूच नसते.

याच्या उलट उदाहरण शिकागोतच सापडते. २०१२ च्या उन्हाळ्यात हिंसाग्रस्त वस्त्यांतील शाळांमधल्या १६३४ मुलांवर सारा हेलर यांनी अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांना आठ आठवड्यांची अर्धवेळ नोकरी मिळाली. पुढील सोळा महिन्यांत त्यांच्या हिंसक गुन्ह्यांतील अटका, नोकरी न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत ४३ टक्क्यांनी कमी होत्या. हे निष्कर्ष २०१४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मुलांना कुठे जाऊ नका हे सांगण्यापेक्षा कुठे जा हे सांगणे अधिक गुणकारी ठरू शकते, असा त्याचा साधा अर्थ.

अर्ध्या तासाच्या सूचनेची संचारबंदी

तरीही मागणी थांबली नाही. मार्च २०२५ मध्ये शहराच्या मध्यवस्तीत मुलांच्या मोठ्या जमावांच्या वेळी पुन्हा गोळीबार झाले. रहिवासी धास्तावले, व्यापारी संतापले. या भीतीला खोटे म्हणता येणार नाही. आपल्या दारात गोळी झाडली गेली, तर कुणालाही संशोधनाचे आकडे पुरेसे वाटत नाहीत. मध्यवस्तीसाठी रात्री आठची संचारबंदी आणावी, असा प्रस्ताव आधी आला. पुढे त्याचे रूप बदलले. कोणत्याही भागात, कोणत्याही वेळी, केवळ तीस मिनिटांच्या सूचनेवर संचारबंदी लावण्याचा अधिकार पोलिसप्रमुखांना द्यावा, असे ठरले. १८ जून २०२५ रोजी सिटी कौन्सिलने २७ विरुद्ध २२ मतांनी तो मंजूर केला. दोनच दिवसांनी महापौर ब्रँडन जॉन्सन यांनी नकाराधिकार वापरला. शिकागोत महापौराने नकाराधिकार वापरण्याची २००६ नंतरची ही पहिलीच वेळ. तो उलटवण्यासाठी लागणारी ३४ मते जुलैत जमली नाहीत.

योगायोग असा, की त्याच जुलैत वॉशिंग्टनने उलट दिशा धरली. तेथे १७ वर्षांच्या मुलांनाही कायद्यात ओढण्यात आले आणि विशिष्ट भागांत रात्री आठनंतर मुलांच्या जमावाला मनाई करण्याचा अधिकार पोलिसप्रमुखांना मिळाला. एकाच प्रश्नाची दोन शहरांनी, एकाच महिन्यात, दोन उत्तरे दिली.

जुनी जखम

शिकागोत या प्रश्नाला इतकी धार का, हे समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. २७ जुलै १९१९ रोजी यूजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मिशिगन सरोवरात पोहत होता. पाण्यात नजरेला न दिसणारी, पण सर्वांना ठाऊक असलेली एक रेषा ओलांडून तो गोऱ्यांच्या किनाऱ्याकडे वाहवत गेला. त्याच्यावर दगड फेकले गेले आणि तो बुडाला. दगड फेकणाऱ्याला अटक करण्यास पोलिसाने नकार दिला. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत ३८ जण मृत्युमुखी पडले. त्यांत २३ कृष्णवर्णीय होते.

सार्वजनिक जागा कुणाची, हा प्रश्न या शहरात असा रक्ताने लिहिला गेला आहे. म्हणूनच 'अल्पवयीनांना सहानंतर प्रवेश नाही' ही पाटी गोरे उपनगरवासी एका अर्थाने वाचतात आणि दक्षिण शिकागोतील कृष्णवर्णीय आई दुसऱ्या अर्थाने. आपला मुलगा अडवला जाईल, पर्यटकाचा नाही, अशी तिची शंका असते. नागरी हक्कांच्या संघटनांनी २०२२ मध्ये हाच आक्षेप घेतला होता. सुक्याबरोबर ओलेही जळते, ही आपली म्हण येथे लागू पडते. एकाने बंदूक चालवली आणि बाग बंद झाली ती हजारोंसाठी.

शिकागोच्या परिसरात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि सुटीत भारतातून नातेवाईकही येतात. दहावी-बारावीतल्या भाच्याला वा पुतणीला संध्याकाळी एकटेच 'बीन' पाहायला पाठवण्यापूर्वी उद्यानाचे त्या वेळचे नियम पाहून घेणे शहाणपणाचे. उपनगरांचे नियमही शहरापेक्षा वेगळे असू शकतात.

मुलगा वेळेवर घरी यावा, ही इच्छा दोन्हीकडे सारखीच असते. मात्र घरचा नियम चालतो, कारण वाट पाहणाऱ्या माणसाला ते मूल ठाऊक असते. त्याच्या उशिराचे कारण खरे की खोटे हे चेहऱ्यावरून कळते. शहराला मूल ठाऊक नसते, ठाऊक असते ते फक्त वय. १८३६ च्या नकाशावरील त्या शेऱ्याने जमीन इमारतींपासून वाचवली. ती कुणासाठी खुली राहील, हे मात्र त्यात लिहिलेले नव्हते. ते वाक्य पूर्ण करण्याचे काम शिकागो अजून करते आहे.